मंगळवारचं नेपल्स

संक्रांत होऊन आठवडा उलटला होता, तरी दुर्गापुऱ्यातल्या त्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा मांजा गुंडाळलेलाच होता. एका ताटलीत जयपूरचा गजक, दुसरीत पुण्याहून आलेल्या तिळाच्या वड्या आणि मधोमध उन्हात पसरलेला भूमध्य समुद्राचा नकाशा. वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर पेरू ठेवलेले. मोरोक्को एका पेरूखाली गेला होता. त्याची कुणाला फिकीर नव्हती.

नकाशाभोवती चौघं. पुण्याहून आलेले व्याही, बँकेतून निवृत्त, मूळचे देवगडचे. त्यांच्या पत्नी, माहेर माणगावचं. यजमानांपैकी विहीणबाईंनी जयपुरात चाळीस वर्षं काढली, त्यातली तीस शाळेत गणित शिकवण्यात. आणि त्यांचे यजमान दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. ‘दुर्गापुरा मधु’ हे खरबुजाचं वाण ज्या केंद्राच्या नावावर आहे, तेच हे केंद्र. माणूस एकूण कमी बोलणारा. मुलगी-जावई नेदरलँड्सला. त्यांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना सप्टेंबरात भूमध्य समुद्रातली क्रूझ द्यायची ठरवली होती आणि निरोप धाडला होता, ‘बंदरं तुम्ही निवडा.’

पोरांना वाटलं असेल, किती सोपं काम दिलं.

व्याह्यांची तयारी पक्की होती. वहीत त्यांनी तक्ता आखला होता: बार्सिलोना, मार्सेल, जेनोआ, रोम, नेपल्स आणि माल्टाचं व्हॅलेटा. सात रात्री, सहा बंदरं. “बघा विहीणबाई, सामान एकदाच उघडायचं. रात्री झोपायचं, सकाळी डोळे उघडले की नवं गाव खिडकीशी. आगगाडी नाही, हॉटेल बदलणं नाही, बॅगा ओढणं नाही. माझ्या गुडघ्यांना विचारा. या वयात ह्याहून स्वस्तात सहा शहरं कोण दाखवील?”

“रोम लिहिलंय तुम्ही,” विहीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “जहाज रोमला जात नाही.”

“म्हणजे?”

“जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम ऐंशी किलोमीटर. पुणे दाखवतो म्हणून लोणावळ्याला उतरवायचं आणि वर आणखी थोडं, असा प्रकार झाला. फ्लॉरेन्स लिहिलेलं असतं तिथे जहाज लिव्होर्नोला थांबतं. तेही तेवढंच लांब.”

पत्रकात बंदराऐवजी शहराचं नाव छापण्याची ही रीत जुनीच आहे, आणि तिला फसवणूक म्हणणं जरा कडक होईल. चिवितावेक्किया हे रोमचंच बंदर आहे, सम्राट ट्राजनने बांधलेलं. पण पत्रक वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोलोसियम उभं राहतं आणि पायांखाली मालधक्का येतो. उलट काही बंदरं शहराच्या पोटातच आहेत. व्हॅलेटाला जहाज तटबंदीच्या मधून आत शिरतं, उतरलं की उद्वाहकाने वर शहरात. नेपल्सचा धक्का भर गावात. अथेन्सचं पिरेयस जरा दूर, पण तिथून मेट्रो आहे आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी.

विहीणबाईंनी व्याह्यांची वही ओढून घेतली, पट्टीने एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं: ‘हातात तास’.

“मांडू या. जहाज सकाळी सातला लागलं. माणसं उतरेपर्यंत आठ. संध्याकाळी सहाला निघणार, म्हणजे साडेपाचला आपण परत हवं. झाले साडेनऊ तास. रोमला जाणं-येणं तीन. उरले साडेसहा. त्यातून एक तास भीतीचा काढा.”

“भीतीचा?”

“उशीर झाला तर जहाज निघून जाईल, ह्या भीतीचा. कंपनीच्या बसने गेलं तर ते थांबतात. आपलं आपण गेलं तर नाही थांबत. उरले साडेपाच. त्यात जेवण, स्वच्छतागृह, रांग. आता सांगा, व्हॅटिकन की कोलोसियम?”

“दोन्ही. बाहेरून.”

“बाहेरून!” विहीणबाईंच्या आवाजाला धार आली. “अहो, चाळीस वर्षं बघतेय मी हे. दिल्लीहून पहाटे निघालेली बस. नऊला आमेर, मग बसच्या काचेतून हवामहल, जलमहलापाशी दहा मिनिटं फोटोला, दुपारी तीनला रत्नांच्या दुकानात दीड तास. ह्या माणसांना माझं शहर दिसतच नाही. हवामहलाचा मागचा भाग आतून पाहता येतो, हेसुद्धा कित्येकांना ठाऊक नसतं. मला दुसऱ्याच्या गावात तसं जायचं नाही.”

व्याह्यांनी गजकाचा तुकडा मोडला. ते रागावले नव्हते. बँकेत माणूस रागावल्याशिवाय नाही म्हणायला शिकतो. “पण त्या बसमधली माणसं खोटं बोलतात का? त्यांनी आमेर पाहिलं. हत्ती पाहिला. पोरांना सांगितलं. कुणी त्यातून परत आलं असेल, पुन्हा आठ दिवस राहायला. तुमचे यजमान सांगतील, वाण निवडायच्या आधी वानगी चाखतात की नाही?”

यजमानांनी मान हलवली. “चाखतात. पण एका दिवसात सहा खरबुजं चाखली तर चौथ्यानंतर जिभेला काही कळत नाही.”

दोघांनीही हे वाक्य आपल्या बाजूने धरलं.

खरं तर सुट्या बंदरांची निवड प्रवाशाच्या हाती नसतेच. कंपनी बंदरं आधीच ओवून ठेवते. आपण माळ उचलायची, मणी नाही. पश्चिमेची माळ साधारण व्याह्यांच्या तक्त्यासारखी. पूर्वेची पिरेयसहून निघते, सँटोरिनी, मायकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी अशी जाते, क्वचित इजिप्तच्या अलेक्झांड्रियापर्यंत पोचते. तिसरी एड्रियाटिकची: इटलीचा पूर्व किनारा, क्रोएशियाचं दुब्रोव्निक, माँटेनेग्रोचं कोटोर. म्हणजे प्रश्न सहा गावांचा नसून तीन वाटांचा आहे. हे लक्षात यायला त्या गच्चीवर दोन चहा लागले.

सँटोरिनीचं नाव निघालं तेव्हा मात्र व्याही खुलले. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रात उभं राहतं, माणसं लहान बोटीतून किनाऱ्याला नेतात. वर कड्यावरच्या गावात जायला रोपवे, नाहीतर सुमारे सहाशे पायऱ्या, नाहीतर खेचर.

“हे तर आमचं देवगड!” ते म्हणाले. “मुंबईची आगबोट लांब उभी राहायची. पडाव जायचा तिच्या अंगाला. वर-खाली हेलकावे, आणि खलाशी पोरांना बखोटीला धरून पडावात टाकायचा. ट्रंका मागून. पावसाळ्यात बोट बंदच. मी सहा वर्षांचा होतो, अजून तो खलाशाचा हात आठवतो.”

“मला बोट लागते,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. “पडावातून उतरायचं असेल तर मी जहाजावरच बसेन.”

विहीणबाईंनी सँटोरिनीपुढे ‘तास’च्या रकान्यात काही लिहिलंच नाही. बोटीची रांग, मग रोपवेची रांग, परतताना पुन्हा दोन्ही. आकडा मांडता येईना. त्यात बेटाने २०२५ पासून दिवसाला आठ हजार क्रूझ-प्रवाशांची मर्यादा घातली आहे, आणि ग्रीसने त्याच वर्षीच्या जुलैपासून गर्दीच्या मोसमात सँटोरिनी आणि मायकोनोसला उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ-प्रवाशावर वीस युरो कर बसवला आहे.

“म्हणजे आपण नको असलेले पाहुणे,” व्याही म्हणाले.

“आपण नाही हो, आपण आणि आपल्याबरोबरचे चार हजार. एकाच तासात.”

ह्या बाबतीत आकडे विहीणबाईंच्या बाजूचे आहेत, आणि लेखकाचा कलही तिकडेच झुकतो. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी केली. बार्सिलोनाने २०२५ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत क्रूझची टर्मिनलं सातावरून पाचावर आणायची. दुब्रोव्निकने एका वेळी किती जहाजं यावीत ह्यावर बंधन घातलं. ही गावं श्रीमंत आहेत, पर्यटनावर जगतात, आणि तरीही दार थोडं लोटून घेत आहेत. जहाजावर तीन वेळचं जेवण आधीच दिलेलं असतं. प्रवासी गावात येतो, रस्ता भरतो, पाणी पितो आणि जेवायला परत जहाजावर जातो. तक्रारीचं मूळ बरंचसं इथे आहे.

“मग तुम्हांला जायचंय तरी कुठे?” व्याह्यांनी शेवटी विचारलं.

“अलेक्झांड्रियाला.”

“पिरॅमिड! हे बरं केलंत.”

“पिरॅमिड नाही. ते दोनशे किलोमीटरहून लांब, बसने जायला तीन तास आणि यायला तीन. बंदरावर उतरणारे बहुतेक लोक तिकडेच पळतात आणि अलेक्झांड्रिया न बघता परततात. मला अलेक्झांड्रियातच राहायचंय. दिवसभर.”

“काय आहे तिथे?”

“दीपगृह होतं, पडलं, त्या जागी कैतबेचा किल्ला आहे. ग्रंथालय होतं, गेलं. २००२ मध्ये नवं बांधलं. म्हणाल तर काही नाही.” विहीणबाईंनी क्षणभर उत्तरेकडे, जुन्या शहराच्या दिशेने पाहिलं. “पण जयपूर १७२७ साली वसलं, ते वसवणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी एक मराठी पंडित होते, सम्राट जगन्नाथ. ते अरबी शिकले. अरबीतून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, ‘रेखागणित’ म्हणून. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणला, ‘सम्राटसिद्धान्त’ म्हणून. युक्लिड कुठला? अलेक्झांड्रियाचा. टॉलेमी कुठला? अलेक्झांड्रियाचा. तीस वर्षं मी पोरांना त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवली. ज्या गावातून ती निघाली आणि एका मराठी माणसाच्या हातून ह्या गावात आली, ते गाव मला एकदा पायांनी तुडवायचंय. त्यासाठी सहा बंदरं नकोत. एक पुरे.”

व्याही थोडा वेळ गप्प राहिले. मग बँकवाल्याने ताळेबंदातली जागा शोधावी तशी त्यांनी जागा शोधली. “इजिप्त शेंगेनमध्ये नाही. तुर्कस्तानही नाही. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा मिळाला तर अलेक्झांड्रियाला उतरल्यावर परत ग्रीसमध्ये शिरायचं कसं? अनेक प्रवेशांचा मागावा लागेल. माझ्या माळेत स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा. सगळं एका कुंपणात. एक व्हिसा, एक प्रवेश.”

मुद्दा बिनतोड होता. पूर्वेची वाट धरणाऱ्या भारतीय प्रवाशाने अर्ज भरतानाच हे पाहायला हवं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला आहे, शेजारचं माँटेनेग्रो नाही, त्यामुळे एड्रियाटिकच्या वाटेवरही हीच मेख.

“आणि मराठी माणसाचंच म्हणाल,” व्याही पुढे झाले, “तर मार्सेल. ८ जुलै १९१०. सावरकरांनी मोरिया बोटीच्या खिडकीतून उडी घेतली ते बंदर. मॅट्रिकला असल्यापासून ऐकतोय.”

“ऐकताय खरं. पण क्रूझचा धक्का शहराच्या उत्तरेला आहे, तिथून चालत कुठे जाता येत नाही. बसने जुन्या बंदरावर जाल, बुयाबेस नावाचं माशाचं कालवण खाल, आणि?”

“आणि पाण्याकडे बघेन. तुम्ही अलेक्झांड्रियात काय करणार आहात, त्याहून वेगळं काय?”

विहीणबाई हसल्या. हा वार बरोबर बसला होता. धक्क्यावर पकडलेल्या त्या कैद्याचा खटला पुढे हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला; बघायला म्हणाल तर त्यातलं काहीच शिल्लक नाही, फक्त पाणी आहे. दर्शनाला दगडच लागतो असं थोडंच आहे?

“पण खरं सांगू?” व्याह्यांचा स्वर उतरला. “मार्सेल गेलं तरी चालेल. मला नेपल्स सोडायचं नाही.”

हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. त्यांच्या पत्नीनेही वर पाहिलं.

“नोकरीत असताना मी जालना जिल्ह्यात होतो. भोकरदनला कर्जवसुलीला जायचो. धुळीचं तालुक्याचं गाव. तिथल्या एका मास्तरांनी सांगितलं, की इथे खोदकामात हस्तिदंताची एक बाईची मूर्ती निघाली, आणि तशीच मूर्ती इटलीत पॉम्पेईत सापडली आहे. मला वाटलं, मास्तर गावचं मोठेपण सांगताहेत. निवृत्त झाल्यावर वाचलं. खरंच आहे! १९३८ मध्ये पॉम्पेईत निघाली. वीतभरापेक्षा थोडी मोठी. लोक तिला लक्ष्मी म्हणतात, अभ्यासक म्हणतात यक्षी असेल. व्हेसुव्हियस इ. स. ७९ मध्ये फुटला, म्हणजे त्याआधी ती तिथे पोचलेली होती. भोकरदन आणि तेरच्या मूर्तींशी तिचं साम्य आहे. आता ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, धक्क्यापासून फार लांब नाही.” ते थांबले. “मी ज्या गावात लोकांच्या म्हशी जप्त करायला जायचो, तिथली बाई दोन हजार वर्षांपूर्वी नेपल्सच्या खाडीशी गेली होती. मला तिला भेटायचंय. बाकीची पाच बंदरं मी नुसती हिशेबाला धरली होती.”

विहीणबाईंनी पेन्सिल घेतली. ‘नेपल्स’पुढे ‘तास’च्या रकान्यात नऊ लिहिले. सबंध तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा. पॉम्पेईची लोकलगाडी, तिथले दगडी रस्ते, सगळं बाजूला ठेवून एका मूर्तीला नऊ तास. मग त्यांनी आणखी एक रकाना आखला: ‘वार’.

“वार कशाला?” यजमानांनी विचारलं.

“शाळेची सवय. व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी बंद. फ्लॉरेन्सचं उफित्झी सोमवारी. जहाजवाल्यांना त्याचं काय? त्यांना धक्का कधी मोकळा मिळतो एवढंच.” त्यांनी पत्रक उलटलं. बार्सिलोना शुक्रवार. मार्सेल शनिवार. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि थांबलं.

“काय झालं?”

“नेपल्स मंगळवारी आहे. ते संग्रहालय मंगळवारी बंद असतं.”

“मग पुढच्या आठवड्याचं जहाज घेऊ.”

“अहो, सात रात्रींची फेरी आहे ही. दर शुक्रवारी तिथूनच निघते, तशीच फिरते. पुढच्या आठवड्यात नेपल्स मंगळवारीच. ऑक्टोबरातही मंगळवारीच. अख्खा मोसम मंगळवारी.”

दुर्गापुरा स्टेशनकडून सवाई माधोपूरकडे जाणारी एखादी गाडी शिट्टी देऊन गेली. व्याह्यांनी तक्त्याकडे असं पाहिलं, जसं वसुली न झालेल्या खात्याकडे पाहावं.

“दुसरी कंपनी बघता येईल,” यजमान म्हणाले. “वार बदलेल.”

“बघता येईल.” पण व्याह्यांच्या आवाजात जोर नव्हता.

तेव्हा त्यांच्या पत्नी बोलल्या. “आमच्या माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. लहानपणी त्याच्यासमोरून जायचो. आई म्हणायची, पोरगा इटलीत पडला, बावीस वर्षांचा. ते गाव कुठे आलं ह्या नकाशावर?”

पेरू सरकवले गेले. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. त्या खोऱ्यातल्या मोन्टोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभं राहिलं, आणि ते स्मारक आहे एक सूर्यघटिका.

“सूर्यघटिका?” विहीणबाई सरळ बसल्या. त्यांच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर, जंतरमंतरात, सत्तावीस मीटर उंचीचं सम्राटयंत्र उभं आहे. दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवणारी जगातली सगळ्यात मोठी दगडी सूर्यघटिका. शाळेच्या किती सहलींना त्यांनी पोरांना त्याच्या सावलीत उभं केलं असेल.

“पण मोन्टोने डोंगरात आहे,” त्या बोट फिरवत म्हणाल्या. “रोमच्या बंदरावरून एका दिवसात होणार नाही.”

“नामदेव जाधवांचं बघा,” यजमान म्हणाले. त्या दिवशी ते खरंच बरंच बोलले. “तेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. सुरुंगांतून दोन जखमी साथीदारांना पाठीवर आणलं आणि मग मशीनगनची तीन ठाणी घेतली. ते जगले. नगर जिल्ह्यातले होते. सेनिओ कुठून वाहते?”

विहीणबाईंनी नदी शोधली. ती उत्तरेकडे जात एड्रियाटिकच्या अंगाला येत होती. किनाऱ्यावर, तिच्यापासून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर, एक ठिपका होता: रावेन्ना.

“एड्रियाटिकचं पत्रक कुठे आहे?”

ते व्याह्यांनी सकाळीच बाजूला सारलं होतं. तिळाच्या वड्यांच्या ताटलीखालून काढलं. पहिल्या पानावर गोंडोला, आणि खाली बंदरांची यादी: व्हेनिस, दुब्रोव्निक, कोटोर, कॉर्फू.

“ह्यात रावेन्ना नाही,” व्याही म्हणाले. “व्हेनिस आहे.”

विहीणबाईंनी चष्मा वर केला, पत्रक डोळ्यांजवळ नेलं. व्हेनिसच्या पुढे, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. व्हेनिससमोरून मोठी जहाजं बंद झाल्यापासून त्यातली कित्येक रावेन्नाला लागतात; प्रवाशांना बसमधून दोन-अडीच तासांनी व्हेनिस दाखवायला नेतात. पत्रकावर नाव मात्र व्हेनिसचंच राहतं.

“व्हेनिस लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “पण जहाज रावेन्नालाच लागतं.”

व्याह्यांनी वहीचं नवं पान काढलं. पट्टी हातात घेतली, चार रकाने आखले आणि विचारलं, “वार कोणता?”